पाळक आणि समुपदेशक आपलं काम कुणाला दाखवतात? शरणपूर रोडवरच्या सुपरव्हिजन गटाबद्दल

नाशिकमध्ये समुपदेशकांना सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम दुसऱ्या जाणत्या माणसासमोर मांडून तपासून घ्यायची सोय, मिळते का, आणि मिळत असेल तर तिथे पाळकांनाही, म्हणजे चर्चच्या पास्टरांनाही, घेतात का, हे दोन प्रश्न मला सारखे विचारले जातात. पहिला विचारतात एम.ए. होऊन नुकत्याच कामाला लागलेल्या मुली. दुसरा विचारतात आमच्यासारख्याच दुसऱ्या पाळकीणबाई, बहुतेक वेळा नवऱ्याच्या वतीनं. दोन्हींचं उत्तर होय असं आहे. शरणपूर रोडवर, कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक ज्येष्ठ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असा गट चालवतात. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांना जाहिरात नको आहे, शिवाय गटात येणाऱ्यांच्या मागे त्यांचे अशील, म्हणजे समुपदेशनासाठी येणारी माणसं, आणि त्यांची मंडळी, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं, असते, म्हणून नाव-पत्ता लिहीत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारलंत तर पोहोचाल. मी दोनेक वर्षं तिथे जाते आहे. महिन्यातले दोन शनिवार आणि खिशातले पैसे द्यायचे तर माणसाला आधी सगळं नीट कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोण, हे आधी सांगायला हवं, कारण या गटाची किंमत मला माझ्या दुहेरी कामामुळे कळली. मी समुपदेशक आहे. गंगापूर रोडवर एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली मागची खोली आठवड्यातल्या तीन संध्याकाळी माझ्याकडे असते. आणि मी पाळकीण आहे. महिला संगत, संडे स्कूल, घरोघरच्या प्रार्थनासभा, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, हे सगळं त्यात आलं. दवाखान्यात माणसं वेळ ठरवून येतात. पार्सोनेजच्या, म्हणजे पाळकाच्या घराच्या, दारात रात्री साडेदहालाही येतात आणि म्हणतात, "पाळकीणबाई, पाच मिनिटं." बोलणं दोन्हीकडे तेच असतं: झोप लागत नाही, नवरा पितो, मुलगी बोलत नाही.

दोन्हीकडे एक समजूतही सारखीच दिसते. मंडळीत म्हणतात, देवाचं पाचारण आहे ना, या कामाला त्यानंच बोलावलंय ना, मग भ्यायचं कशाला? आणि आमच्या क्षेत्रात म्हणतात, डिग्री आहे ना, मग अडतं कुठे? पाचारणावर माझा मनापासून विश्वास आहे. पण या कामात मी का आहे, एवढंच ते मला सांगतं. समोर बसलेल्या बाईनं "मला आता काहीच नको" म्हटल्यावर पुढचं वाक्य काय बोलायचं, ते पाचारणातून उतरत नाही आणि डिग्रीतूनही उतरत नाही. आपण काय बोललो ते दुसऱ्या जाणत्या माणसासमोर मांडावं लागतं, पुन्हा पुन्हा. ही सोय शहरातल्या डॉक्टरांना असते, वकिलांना असते. पाळक मात्र दीक्षा मिळाल्या दिवसापासून एकटाच असतो. त्याचा उपदेश सगळे ऐकतात, पण बंद दाराआड तो कुणाशी काय बोलला, हे आयुष्यभर कुणी विचारत नाही.

आता गटाचं कामकाज. सहा जण, अडीच तास, एका वेळी एकानं आपलं काम मांडायचं. आमच्या गटात सध्या दोन समुपदेशक मुली आहेत, एक शाळेत आणि एक हॉस्पिटलात. दोन पाळक आहेत, एक कॅथलिक सिस्टर आहेत आणि मी. नवरा-बायकोला एका गटात घेत नाहीत, म्हणून माझे मिस्टर सोमवारच्या गटात जातात. सोमवारी पाळकांना जरा मोकळीक असते, हे मॅडमनी लक्षात ठेवलंय. घरी आम्ही एकमेकांना गटातलं काही विचारत नाही. सुरुवातीला ते फार जड गेलं, आता अंगवळणी पडलंय.

पहिल्याच बैठकीला मॅडमनी सगळ्यांना आपापल्या बोर्डाचा किंवा व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आणायला सांगितला होता. टेबलावर सहा मोबाइल ठेवले आणि एकेक बोर्ड मोठ्यानं वाचायला लावला. हॉस्पिटलातल्या मुलीच्या कार्डावर फक्त तिचं नाव आणि "समुपदेशन विभाग" होतं. पदवीचा पत्ता नव्हता. सुवर्णपदक मिळवलेली मुलगी. कार्डावर एम.ए. का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "कुणी काही विचारलं तर?" मॅडमनी तिला तिथेच सगळं उलगडून सांगितलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२चा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे आणि तिच्यात देखरेखीखालच्या प्रशिक्षणाची अट आहे. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ वेगळे. त्यांचा समावेश २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला. म्हणजे जे आपण नाही ते लिहायचं नाही, आणि जे आहोत ते लपवायचंही नाही. पुढच्या वेळी ती नवं कार्ड घेऊन आली. साधं पांढरं कार्ड, नाव, एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशक. आम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.

आत्मविश्वासाचं प्रशिक्षण म्हटलं की छाती पुढे काढून उभं राहायला शिकवतात, तसलं मी आधी एका संस्थेच्या शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये पाहिलं होतं. जेवण, सत्कार, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. सोमवारी सकाळी माझ्या खोलीत त्यातलं काहीही कामाला आलं नाही. या गटात आत्मविश्वास हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आपण काय आहोत आणि काय नाही, ते नेमकं सांगता यावं, तिथूनच काम सुरू होतं.

मांडणीची पद्धत अशी. झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहून आणायचं. पान उभं दुमडायचं, उजव्या बाजूला कोण काय बोललं ते, डाव्या बाजूला त्या क्षणी आपल्या मनात काय आलं ते. नावं, गाव, व्यवसाय बदलायचे. कागद बैठकीनंतर तिथेच फाडायचे. ही रीत रुग्णालयात काम करणाऱ्या पाळकांच्या प्रशिक्षणातून आली आहे. अँटन बॉइसन नावाचा अमेरिकन पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून बाहेर पडला आणि १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात त्यानं धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणलं. पुस्तकं वाचतो तशी माणसं वाचायला शिका, असं त्याचं म्हणणं होतं. संभाषण लिहून काढायची पद्धत पुढे त्याच राज्यात रसेल डिक्स या पाळकानं रुजवली. उलटा प्रवासही आहे. कार्ल रॉजर्स, ज्याचं नाव समुपदेशनाच्या पहिल्या तासाला येतं, तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षं शिकला आणि मग रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात गेला. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आमच्या दोन्ही पाळकसाहेबांचे खांदे जरा सैल झालेले मी पाहिले. तोवर ते परक्या घरी आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत होते.

एक प्रसंग सांगते. ज्यांचा आहे त्यांच्या परवानगीनं, आणि ओळखू येईल असं सगळं बदलून.

आमच्यातले एक पाळकसाहेब द्राक्षपट्ट्यातल्या एका मंडळीचे. पन्नाशी ओलांडलेली, आवाज असा की माईक बंद पडला तरी उपदेश शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्यांनी एका घरभेटीचा कागद आणला होता. बागायतदार, कर्ज, दोन हंगाम वाया गेलेले. माणूस शांत बसून होता. पाळकसाहेबांनी विचारपूस केली, १२१वं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, चहा घेतला, निघाले. उजव्या बाजूला एवढंच. डाव्या बाजूला मध्येच एक ओळ होती: "गाडीची चावी धाकट्या भावाला का देऊन टाकली असेल?"

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे त्यांना विचारलंत?"

"नाही."

"विचारावंसं वाटलं?"

"वाटलं मॅडम. पण असलं विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल ना?"

जीव द्यावासा वाटतो का असं विचारल्यानं तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही. उलट आत कोंडलेलं बोलायला वाट मिळते. हे मानसशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे, आणि तरी ही भीती मला प्रत्येक मंडळीत, प्रत्येक शाळेत भेटते. मॅडमनी त्यावर व्याख्यान दिलं नाही. खुर्ची ओढून पाळकसाहेबांच्या समोर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी तो शेतकरी. विचारा."

पाळकसाहेब म्हणाले, "दादा, तुमच्या मनात... म्हणजे काही वाईटसाईट विचार वगैरे..."

"वाईट विचार कुणाला येत नाहीत साहेब," मॅडम शेतकऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, आणि बोलणं तिथेच संपलं. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं. दुसऱ्यांदाही वाक्य अर्ध्यावर वळलं, पावसापाण्याकडे गेलं. मग पाळकसाहेबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि विचारलं, "दादा, मरून जावं असं वाटतं का?" भरल्या चर्चमध्ये घुमणारा तो आवाज इतका खाली आला होता की आम्ही सगळे पुढे वाकलो. मॅडम गप्प राहिल्या. बराच वेळ. पाळकसाहेबांचे डोळे मिटायला लागले, हात जुळायला लागले, तशा मॅडमनी हलकेच हात वर केला. "थांबा साहेब. प्रार्थना करायची आहेच. आधी त्याला उत्तर देऊ द्या."

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. फवारणीची औषधं कुठे आहेत? द्राक्षवाल्याच्या घरी ती असतातच. ती कुलपात जायला हवीत आणि किल्ली दुसऱ्याकडे. रात्री सोबत कोण झोपणार? मानसोपचारतज्ज्ञाकडे उद्या कोण नेणार? रात्री-अपरात्री वेळ आली तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही. घरचे पोलिसांच्या भीतीनं लपवतील, म्हणून कायदा काय म्हणतो ते पाठच करून घेतलं. २०१७च्या कायद्याचं ११५वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातलं ३०९वं कलमही उरलेलं नाही. पाळकसाहेबांनी हे सगळं आपल्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मागच्या कोऱ्या पानावर उतरून घेतलं.

ते दुसऱ्या दिवसाची वाट पाहत बसले नाहीत. जिन्यातूनच त्या घरी फोन लावला आणि तसेच मोटरसायकलवर गेले. त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं. भावानं औषधांची किल्ली आपल्याकडे घेतली आणि दोन दिवसांत तो माणूस डॉक्टरांसमोर होता. आज तो उपचार घेतो आहे.

त्यानंतरच्या बैठकीला मॅडमनी अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाची १९७७ची मांडणी समजावून दिली. मी ती परीक्षेसाठी पाठ केली होती, तिचा अर्थ मात्र मला त्या दिवशी लागला. अमुक एक काम मला जमेल, हा भरवसा माणसाला चार ठिकाणांहून मिळतो. स्वतः ते काम करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहिल्यानं, भरवशाच्या माणसानं "तुला जमेल" म्हटल्यानं, आणि त्या वेळी आपलं शरीर काय सांगतं, छाती धडधडते की श्वास शांत आहे, त्यावरून. यातला "अमुक एक काम" हा भाग कळीचा. पाळकसाहेबांना उपदेशाचा भरवसा होता, मयतीच्या घरी बोलण्याचा होता, कमिटीतली भांडणं मिटवण्याचाही होता. त्या एका प्रश्नाचा नव्हता. म्हणून त्यांच्या पाचारणावर शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. तेवढं एक काम करून पाहायची जागा हवी होती. आमच्या मंडळ्यांमधून "देव तुम्हाला सामर्थ्य देवो पाळकसाहेब" हे तिसऱ्या प्रकारचं बळ भरपूर मिळतं. पहिल्या प्रकारचं बळ कुठेच मिळत नाही. ते इथे मिळतं.

सासऱ्यानं जावयाचं काम दिवसभर बसून पाहावं आणि संध्याकाळी सांगावं की हे असं करू नकोस, तूही थकशील आणि हे लोकही थकतील, हे आमच्याच शास्त्रात आहे. इथ्रोनं मोशेला सांगितलं. मोशेच्या पाचारणाबद्दल त्यात शंका नव्हती, बोलणं सगळं कामाच्या पद्धतीबद्दल होतं. मी हल्ली महिला संगतीत हा भाग मुद्दाम घेते.

गटातल्या तरुण मुलींचं दुखणं वेगळं. शाळेत काम करणाऱ्या मुलीला पालक सभेआधी वाटतं की आज आपलं पितळ उघडं पडणार. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार बायकांबद्दल हेच लिहिलं होतं: यश खरं असतं, पण मनातून सतत वाटतं की आपण लोकांना फसवतोय. मॅडम अशा वेळी कौतुक करत नाहीत. त्या वही मागतात. किती मुलं पाहिली, कुणाचं काय झालं, कुणाला पुढे पाठवलं, कुठे अडलं. वही उघडली की ती मुलगी स्वतःच शांत होते. तिच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

आणि चर्चचा एक तरुण प्रचारक मध्यंतरी काही महिने येत होता. दीक्षा झालेली नाही, त्यामुळे दर वाक्याला "मला काय अधिकार" असं म्हणायचा. त्याला मी चहाच्या वेळी जेकब वेनराइटची गोष्ट सांगितली. ज्या रस्त्यावर आम्ही बसलो होतो त्याला शरणपूर हे नाव मिशनच्या वसाहतीवरून पडलं. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली, शिकवली. वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधी वाचला तो नाशिकच्या शाळेत वाढलेल्या या तरुणानं. त्याला कुणी दीक्षा दिलेली नव्हती. वाचता येत होतं आणि विधी माहीत होता, म्हणून त्यानं वाचला. प्रचारकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला भीती वाटली असेल का हो बाई?" मी म्हटलं, वाटली असणारच.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो प्रार्थनेच्या विषयांवरच्या बैठकीचा. ज्यांची मंडळी आहे त्यांना हे लगेच कळेल. प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणतं, "आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या, तिच्या घरी जरा बरं चाललेलं नाही, जावयाचं नाव घेत नाही." झालं. प्रार्थना संपेपर्यंत सगळ्या बाकांना कळलेलं असतं. हेतू प्रेमाचाच असतो, पण त्या बाईनं विश्वासानं सांगितलेलं गुपित फुटतं आणि ती पुन्हा कुणाकडे जात नाही. आमच्या सिस्टरांनी सांगितलं की त्यांच्याकडे पापनिवेदनातलं काहीही, कुठल्याही कारणानं, बाहेर काढायची धर्मगुरूला मुभाच नाही. समुपदेशकाची गुप्तता वेगळी, तिला मर्यादा आहेत: जिवाला धोका असेल तर, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, पाळकालाही. मग पार्सोनेजच्या दारात पाच मिनिटं मागणाऱ्या बाईला मी यातलं काय देणार, ते मी तिला आधीच सांगायला हवं. मॅडमनी प्रत्येकाकडून ते सांगायचं वाक्य लिहून घेतलं. माझं असं आहे: "तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील, प्रार्थनेतही निघणार नाही. कुणाच्या जिवाचा किंवा लेकराचा प्रश्न असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही, आणि ते तुम्हाला आधी सांगून करीन." हे वाक्य मी आता न अडखळता म्हणते. बायका ऐकतात, मान हलवतात आणि बोलू लागतात.

जिथे माझं आणि मॅडमचं पटत नाही तेही लिहिते. आपल्याच मंडळीतल्या माणसाला अशील म्हणून घ्यायचं नाही, दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवायचं, हा त्यांचा नियम. पुस्तकात तो बरोबर आहे, आणि गंगापूर रोडवर मी तो पाळते. पण नाशिकमधला ख्रिस्ती समाज केवढा? जिला मी दुसरीकडे पाठवीन ती समुपदेशक माझ्या नणंदेची मैत्रीण निघते. खेड्यात तर पाळकीणबाई सोडून ऐकणारं दुसरं कुणीच नसतं. तिथली बाई कापणीच्या सणाला पहिली भाजी आणते, तिची मुलगी माझ्या संडे स्कूलमध्ये असते, आणि तीच बाई रात्री दार वाजवते. तिला "मी तुमची समुपदेशक होऊ शकत नाही" म्हणणं हे दार लावणंच आहे. माझं म्हणणं असं की नियमापेक्षा नोंद हवी: कोणत्या नात्यानं बोलते आहे हे दोघींना ठाऊक असावं, भेटी मोजक्या असाव्यात, आणि प्रत्येक भेट गटात मांडावी. मॅडमना हे अर्धंच मान्य आहे. आमचा वाद चालू आहे आणि त्यांनी तो कधी दाबला नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी उणीव मोठी आहे. जातीबद्दल गट अजून मोकळेपणानं बोलत नाही. अशील आत येतं, भिंतीवरचा क्रूस पाहतं, बोर्डावरचं आडनाव पाहतं आणि विचारतं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" गावाचं नाव ऐकायला तो प्रश्न नसतो, हे आम्हाला लहानपणापासून कळतं. त्या क्षणी व्यावसायिक आत्मविश्वासाचं काय होतं, याचं उत्तर बँडुराच्या चार कप्प्यांत मला सापडत नाही. हा माझा एकटीचा कमकुवतपणा नाही, समोरच्यानं आत आणलेली गोष्ट आहे, आणि ती खोलीतच हाताळायला शिकावं लागेल. मी हे मांडल्यावर मॅडमनी एक पूर्ण बैठक दिली. पाळकसाहेब त्या दिवशी प्रथमच आपल्या पहिल्या मंडळीबद्दल बोलले. पण एक बैठक पुरत नाही. हा विषय वर्षभराच्या आखणीतच असायला हवा.

बाकी गोष्टी भराभर. नोट्स सगळ्या इंग्रजीत, उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली. मराठीत नोट्स झाल्या तर निम्मे पाळक जास्त लवकर यायला लागतील. लिफ्ट नाही. शनिवारी संध्याकाळी त्या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही. रिक्षा किंवा सिटी बस बरी. दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर आत घेत नाहीत. शहरातल्यांना ते ठीक, पण दिंडोरी, निफाडकडून एसटीनं येणाऱ्याला सीबीएस बसस्थानकावर उतरून धावावं लागतं, त्यांना थोडी सवलत हवी. फी गटाला माणशी सातशे, एकट्यानं भेटायचं तर बाराशे. पाळकाच्या पगारात हे जड आहे. मॅडम कमी घेतात, पण त्यासाठी स्वतःहून सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांसाठी मागायला न लाजणारा पाळक स्वतःसाठी तोंड उघडत नाही. कमी फी किती ते सरळ कागदावर लिहून ठेवावं, ही माझी त्यांना विनंती आहे. डायोसिसनं, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मप्रांतानं, पाळकांची फी भरावी, हे मी आमच्या कमिटीत बोलले आहे आणि बोलत राहणार आहे.

सर्टिफिकेट मिळत नाही. आरसीआयचे गुण मिळत नाहीत. स्वतःच्या दुखण्यावर उपचार हवे असतील तर ही जागा नाही, मॅडम त्यासाठी दुसरीकडे पाठवतात. ज्यांना फक्त उपदेश चांगला करायचा आहे त्यांनीही इथे पैसे घालू नयेत. ज्यांच्या दारात माणसं येतात आणि ती गेल्यावर आपण बोललो ते बरोबर होतं का या विचारानं ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी जरूर यावं.

नवा गट जूनमध्ये सुरू होतो. आधी मॅडमना एकट्यानं अर्धा तास भेटायचं असतं, त्याचे पैसे नाहीत. जाताना एक लिहिलेलं संभाषण न्यावं लागतं, नावं बदलून, हातानं लिहिलेलं, एक-दोन पानांचं. डावी बाजू रिकामी सोडू नका, त्या आधी तीच वाचतात.